वस्तीतल्या कुटुंबासोबत कसे उभे राहावे : नागपुरातील स्वयंसेवी कार्यकर्त्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

नोकरी, शिक्षण किंवा घरसंसार सांभाळून आठवड्यातले चार-सहा तास गरजू कुटुंबांसाठी देऊ इच्छिणारी माणसे नागपुरात कमी नाहीत. समाजकार्याचे विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, नुकतीच सनद घेतलेले वकील असे अनेक जण सुरुवात कुठून करावी हे विचारतात. धान्याचे किट वाटणे, कपडे गोळा करणे ही कामे चटकन सुचतात आणि त्यांचे मोलही आहेच. परंतु हा लेख वेगळ्या कामाविषयी आहे. कायद्याने जे मिळायला हवे ते ज्या कुटुंबाला मिळत नाही, त्याच्यासोबत कार्यालयाच्या खिडकीपर्यंत जाणे हे या कामाचे एक अंग, आणि तीच अडचण असलेल्या पन्नास घरांना एकत्र आणून तिची तड लावणे हे दुसरे. दोन्हींसाठी एक नियम पहिल्या दिवसापासून पाळावा लागतो : मूळ कागद कुटुंबाच्याच हातात राहिला पाहिजे आणि साहेबापुढे पहिला शब्द त्या कुटुंबातल्याच माणसाने बोलला पाहिजे.

एकच वस्ती निवडावी, आणि आधी जमीन समजून घ्यावी

घरापासून जवळची, संध्याकाळी पायी किंवा गाडीने सहज जाता येईल अशी एकच वस्ती निवडावी. चार वस्त्यांमध्ये थोडे थोडे काम करणाऱ्याला कोणत्याच वस्तीत कोणी ओळखत नाही. महापालिकेचे दहा झोन आहेत. निवडलेली वस्ती त्यांपैकी कोणत्या झोनमध्ये येते, प्रभाग कोणता, पोलीस ठाणे कोणते, राशन दुकान, अंगणवाडी आणि आरोग्य केंद्र कोणते, हे पहिल्याच आठवड्यात वहीत लिहून ठेवावे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न जमिनीचा. नागपुरातील झोपडपट्ट्या महापालिकेच्या, नागपूर सुधार प्रन्यासच्या, नझूलच्या (म्हणजे शहरातल्या सरकारी), रेल्वेच्या किंवा खासगी जमिनीवर वसलेल्या आहेत, आणि कधी कधी एकाच वस्तीच्या दोन गल्ल्यांची मालकी वेगवेगळी असते. मालकी पट्टा (घराखालच्या जमिनीच्या हक्काचा कागद) कोण देणार, नळजोडणीला कोण हरकत घेणार, नोटीस आली तर ती कोणाकडून येणार, हे सगळे या एका बाबीवर ठरते. रेल्वेची जमीन केंद्राच्या अखत्यारीत असल्यामुळे तिथल्या घरांना राज्य सरकारच्या पट्ट्यांचे आश्वासन देणे म्हणजे लोकांना फसवणेच होय. नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिकेची (जमिनीची मालकी दाखवणाऱ्या प्रॉपर्टी कार्डाची) नक्कल काढता येते. तसेच महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियम, १९७१ खाली ही वस्ती घोषित आहे की अघोषित, हेही विचारून घ्यावे. अतिक्रमणे नियमित करण्याच्या शासकीय धोरणात १ जानेवारी २०११ ही तारीख निर्णायक ठरत आली आहे, म्हणून त्यापूर्वीचे वास्तव्य दाखवणारे लाइट बिल, घरटॅक्सची पावती किंवा मतदार यादीचा उतारा ज्यांच्याकडे असेल त्यांना तो प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवायला सांगावे. पावसाळ्यात छत गळते आणि वीस वर्षांचा पुरावा एका रात्रीत लगदा होतो.

वस्तीत जाण्याची वेळ आपल्या सोयीने ठरवू नये. बांधकामावर जाणारे मजूर सकाळीच ठिय्यावर गेलेले असतात, धुणीभांडी करणाऱ्या बाया दुपारी दोन-तीनच्या सुमारास परततात, आणि एप्रिल-मे महिन्यांत ऊन कलल्याशिवाय कोणी दारात उभे राहत नाही. पहिल्या काही भेटींत फॉर्म, वही किंवा मोबाइलचा कॅमेरा बाहेर काढू नये. अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांची ओळख जरूर करून घ्यावी, कारण कोणत्या घरात बाळंतीण आहे, कोणते मूल शाळेतून गळले, हे त्यांना ठाऊक असते. मात्र त्यांच्यासोबत फिरताना आपण सरकारी माणूस आहोत असा समज होऊ देऊ नये. छत्तीसगड, बालाघाट, शिवनी या बाजूने आलेली अनेक कुटुंबे शहरात आहेत आणि त्यांच्याशी हिंदीत किंवा त्यांच्या बोलीच्या जवळच्या भाषेत बोलले, तर जी गोष्ट मराठीत तीन भेटींत निघत नाही ती पहिल्याच भेटीत निघते.

वहीत काय लिहावे आणि काय लिहू नये

विश्वास बसल्यावर प्रत्येक घरासाठी वहीचे एक पान ठेवावे. घरात कोण कोण, कोणाचे काय काम, कोणती मुले शाळेत, कोणाला आजार किंवा अपंगत्व, कोणकोणते कागद आहेत आणि कोणती अडचण त्यांना स्वतःला सर्वांत मोठी वाटते, एवढे पुरेसे आहे. शेवटचा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. आपल्याला वाटते पेन्शन महत्त्वाची, आणि त्या बाईला वाटते मुलीच्या टीसीचे आधी पाहा; अशा वेळी टीसीचेच आधी पाहावे.

आधार क्रमांक, बँक खात्याचा क्रमांक आणि ओटीपी लिहून घेऊ नयेत. मूळ कागदपत्रे घरी नेऊ नयेत. लागतील तेव्हा त्या कुटुंबासोबत झेरॉक्सच्या दुकानात जावे. घरातल्या मारहाणीविषयी, लैंगिक अत्याचाराविषयी किंवा एचआयव्हीसारख्या आजाराविषयी कळलेले काहीही या वहीत नसावे, कारण वही कधी ना कधी दुसऱ्याच्या हाती पडते. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर कोणाच्या घराचा फोटो टाकायचा असेल, तर त्या माणसाला तो फोटो दाखवून आणि कुठे जाणार हे सांगून विचारावे, आणि मुलांचे फोटो मुळीच टाकू नयेत.

कागदांचा गुंता क्रमाने सोडवावा

योजना कोणतीही असो, ती अडते बहुतेक वेळा कागदापाशी. एखाद्या पन्नाशीतल्या मावशींची पिशवी उघडून पाहावी : आधार कार्डावर नाव सुनीता, शाळेच्या दाखल्यावर सुनिता, राशन कार्डावर सासरचे आडनाव, बँकेच्या पासबुकावर माहेरचे, आणि जन्मवर्ष तीन कागदांवर तीन. संगणकाच्या लेखी या तीन वेगळ्या बाया असतात आणि त्यांपैकी एकीलाही पैसे मिळत नाहीत. म्हणून योजनेचा अर्ज भरण्याआधी सगळे कागद जमिनीवर मांडून नाव, आडनाव, जन्मतारीख आणि पत्ता यांची तुलना करावी. त्यांतला सर्वांत जुना आणि विश्वासार्ह कागद आधार धरून बाकीचे दुरुस्त करून घ्यावेत. दुरुस्ती मुळापासून करावी. आधीच चुकीच्या आधार कार्डावर पुढचे दाखले काढले की चूक पाचपट होते.

जन्मनोंदणी झालेलीच नसेल तर ते काम लवकर हाती घ्यावे, कारण एक वर्ष उलटून गेल्यावर नोंदणीसाठी जिल्हादंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. जात प्रमाणपत्रासाठी वाडवडिलांच्या वास्तव्याचा पुरावा अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा द्यावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या प्रवेश-नोंदवहीचा (दाखलखारीज) उतारा, गावच्या जन्म-मृत्यू नोंदींच्या कोतवाल बुकाची नक्कल, जुना खरेदीखताचा कागद यांचा शोध त्यांच्या मूळ गावी घ्यावा लागतो, आणि ते गाव राज्याबाहेर असेल तर इथल्या सवलती मिळण्यात अडचण येते, ही गोष्ट त्या कुटुंबाला सुरुवातीलाच स्पष्ट सांगावी. जात, उत्पन्न, रहिवास यांसारख्या दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावर मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही सेतू केंद्राबाहेर स्टँप पेपर विकत घ्यायला लावणारे लोक भेटतात. त्यांना नम्रपणे नकार देण्याची सवय वस्तीला लागली, तर तेवढ्यानेच कितीतरी रोजी वाचते.

राशन, पेन्शन, दवाखाना

शहरी भागात वार्षिक उत्पन्न ५९,००० रुपयांपर्यंत असलेले कुटुंब अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य गटासाठी पात्र धरले जाते. या गटाला दरमहा माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. केशरी कार्ड हातात असणे म्हणजे धान्य मिळणे नव्हे. कार्डावरची किती नावे संगणकावर चढली आहेत हे दुकानातल्या अंगठा घेणाऱ्या ई-पॉस मशीनवर तपासावे आणि नवी सून, नवे बाळ यांची नावे चढवण्याचा अर्ज अन्नधान्य वितरण अधिकाऱ्याच्या झोन कार्यालयात द्यावा.

या मशीनची एक बाब जवळून पाहण्यासारखी आहे. वर्षानुवर्षे भांडी घासून ज्या बाईच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या, ती अंगठा पदराला पुसते, पुन्हा लावते, मग दुसरे बोट, मग दुसरा हात. मागची रांग कुरकुरू लागते आणि ती रिकामी पिशवी घेऊन बाजूला सरते. "मशीन घेतच नाही जी ताई अंगठा," एवढेच ती सांगते, आणि त्यात आपलीच काही चूक असावी असे तिच्या सुरात असते. आधार प्रमाणीकरण झाले नाही एवढ्याच कारणाने पात्र माणसाला धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारचे स्पष्ट निर्देश आहेत. घरातल्या कार्डावर नाव असलेल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा चालतो. आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्याने देता येतात. तरीही धान्य नाकारले, तर तारीख, दुकानाचा क्रमांक आणि सांगितलेले कारण लिहून त्याच आठवड्यात लेखी तक्रार करावी. अशा दहा बाया एकत्र आल्या, तर अर्ज दहा जणींच्या सहीचा एकच करावा.

निराधार विधवा, परित्यक्ता, गंभीर आजारी आणि अपंग व्यक्तींसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. विधवा आणि परित्यक्ता महिलांना तिच्यातून दरमहा १,५०० रुपये मिळतात. पासष्टीपुढच्या वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. दोन्हींसाठी वार्षिक २१,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा (अपंगांसाठी ती ५०,००० आहे) आणि राज्यात किमान पंधरा वर्षांचे वास्तव्य या अटी आहेत. माझ्या मते एकवीस हजारांची मर्यादा आजच्या काळात कमालीची अपुरी आहे आणि ती वाढवून घेणे ही संघटित मागणीचीच गोष्ट आहे. पण आज अर्ज करताना याच मर्यादेत बसावे लागते. पती वारलेल्या बाईला पेन्शनचे कोणीतरी सांगते, परंतु तिच्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेतून दर मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात, हे सहसा कोणी सांगत नाही. हा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयाकडे जातो आणि बालकल्याण समितीपुढे मुलांसह हजर व्हावे लागते.

दवाखान्याचे काम वेळेचे आहे. मेडिकल, मेयो किंवा डागा या सरकारी रुग्णालयांत रुग्ण दाखल झाला, की त्याच दिवशी समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता दर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, मात्र योजनेतील रुग्णालयात मदतीसाठी बसणाऱ्या आरोग्यमित्राकडे नोंदणी शस्त्रक्रियेआधी झाली पाहिजे. बिल भरून झाल्यावर धावपळ करून हाती फारसे लागत नाही. मदत क्रमांक १५५३८८ आहे. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या खासगी रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. खाट शिल्लक नाही असे तोंडी सांगितले गेले, तर तेच लेखी मागावे आणि सिव्हिल लाइन्समधील धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात तक्रार द्यावी. लेखी मागितल्याबरोबर खाट निघते, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

शाळेचे थोडक्यात : वयाचा पुरावा नाही म्हणून पहिली ते आठवीचा प्रवेश नाकारता येत नाही, आणि शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळांत राखीव असलेल्या २५ टक्के जागांचे ऑनलाइन अर्ज सुटण्याआधीच उत्पन्नाचा आणि पत्त्याचा दाखला तयार हवा.

अर्ज, पोच आणि पाठपुरावा

तोंडी विनंती हवेत विरते. प्रत्येक अर्ज दोन प्रतींत लिहावा, एक द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. अर्ज एका पानाचा असावा : कोण, कुठले, काय मागणी, कोणत्या तारखेपासून अडले, सोबत काय जोडले. अर्ज कुटुंबातल्या व्यक्तीने स्वतःच्या शब्दांत सांगावा आणि आपण तो लिहून मोठ्याने वाचून दाखवावा. ज्याला वाचता येत नाही त्याला आपल्याच अर्जात काय आहे हे ठाऊक नसणे बरोबर नाही. खिडकीपाशी आपण अर्धे पाऊल मागे उभे राहावे. साहेबांनी आपल्याकडे पाहून विचारले, तरी "मावशीच सांगतील, साहेब" एवढेच म्हणावे. पहिल्या वेळी मावशी अडखळतात, तिसऱ्या वेळी त्या शेजारणीला घेऊन येतात.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर त्याच विभागात पहिले आणि दुसरे अपील, आणि त्यानंतर लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. पहिले अपील तीस दिवसांच्या आत करावे. फाइल कोणत्या टेबलावर आहे हे कळत नसेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत द्यावी," असे एकच वाक्य पुष्कळदा पुरते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथे विहित नमुन्यातील अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.

कार्यालयातल्या माणसाशी भांडण करू नये. कारकुनावर कामाचा भार असतो आणि तो आपल्याला पुढची कितीतरी वर्षे भेटणार असतो. मात्र पैसे मागितले गेले, तर देऊ नयेत आणि मध्यस्थीही करू नये. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक वस्तीत सर्वांना पाठ असावा.

आपल्या हातातली नसलेली प्रकरणे

मारहाण, मुलांवरील अत्याचार, बालविवाह, आत्महत्येची भाषा ही प्रकरणे स्वयंसेवकाने एकट्याने हाताळायची नाहीत. जिवाला धोका असेल तर ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. महिलेला शहर पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये किंवा सखी वन स्टॉप सेंटरमध्ये सोबत नेता येते, आणि कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवता येते. घर सोडायचे की नाही हा निर्णय तिचाच असतो. आपण पर्याय सांगावेत, घाई करू नये, आणि नवऱ्याला समजावायला तर मुळीच जाऊ नये, कारण त्याचा राग नंतर तिच्यावर निघतो.

अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक (पोक्सो) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. वस्तीतले मोठे लोक आपसात मिटवू म्हणतील तरी हे बंधन सुटत नाही. त्या मुलाची ओळख उघड होईल असा एकही शब्द बाहेर जाऊ देऊ नये.

न्यायालयाचा विषय असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. मदत क्रमांक १५१०० आहे.

एका घराच्या प्रश्नातून वस्तीच्या संघटनेकडे

वहीतली तीस-चाळीस पाने भरली, की एकच अडचण पुन्हा पुन्हा दिसू लागते. पहिला मुद्दा असा निवडावा की तो बहुतेकांना लागू आहे, दोन-तीन महिन्यांत सुटण्यासारखा आहे आणि ज्याचा अधिकारी नेमका कोण हे सांगता येते. तुंबलेली नाली, बंद पडलेला पथदिवा, राशन दुकानाची अनियमित वेळ हे मुद्दे लहान वाटतात, पण पहिल्या विजयाशिवाय पट्ट्याच्या लांबच्या लढाईला लोक येत नाहीत.

बैठक वस्तीतल्याच अंगणात किंवा समाजमंदिराच्या ओट्यावर घ्यावी, खुर्च्या मांडू नयेत आणि आपण मध्यभागी बसू नये. बायांना आधी बोलू द्यावे. या शहराला त्याची परंपरा आहे : जुलै १९४२ मध्ये अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद नागपुरातच भरली, सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्ष होत्या आणि हजारो कष्टकरी स्त्रिया तिला आल्या होत्या. पुढे डॉ. रूपा कुलकर्णी-बोधी यांनी विदर्भ मोलकरीण संघटनेतून घरकामगार स्त्रियांना एकत्र केले. नेतृत्व कसे करावे हे नागपूरच्या बायांना शिकवायला जाण्याची गरज नाही. त्यांना पोहोचेल अशी वेळ, लेकरू सांभाळायला कोणीतरी आणि बोलताना न अडवणारे लोक, एवढे लागते.

प्रत्येक बैठकीत कोणी काय करायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे तिथेच लिहून वाचून दाखवावे. शिष्टमंडळात पाच जण पुरेत : बोलणाऱ्या दोघी, कागद धरणारी एक, नोंद घेणारा एक आणि पहिल्यांदाच येणारे कोणीतरी, म्हणजे पुढच्या खेपेला नवा माणूस तयार असतो. निवेदनाने काम झाले नाही, तर संविधान चौकात धरणे देता येते; त्यासाठी पोलिसांची लेखी परवानगी आधी घ्यावी. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशनाच्या काळात नागपुरात राज्यभरातून मोर्चे येतात आणि त्या गर्दीत एका वस्तीचे निवेदन हरवते. आमदारांनी सभागृहात प्रश्न मांडावा असे वाटत असेल, तर दिवाळीच्या सुमारासच त्यांना सगळे पुरावे जोडून भेटावे.

२२ आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या मध्यरात्री अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा मदतीसाठी पंचनामा हाच आधार ठरला. आपत्तीनंतर पाणी ओसरताच भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे आणि भिजलेल्या सामानाचे फोटो तारखेसह काढावेत, पंचनामा होताना घरातले कोणीतरी हजर असावे, आणि भाडेकरूंची नावे सुटत नाहीत ना हे यादी वस्तीत मोठ्याने वाचून तपासावे.

पैसा, पक्ष आणि हस्तांतर

कोणत्याही कामासाठी कुटुंबाकडून पैसे घेऊ नयेत, चहासुद्धा त्यांच्या घरी जेवढा सहज मिळेल तेवढाच घ्यावा. वर्गणी जमवायची असेल, तर दोन बायांच्या नावे हिशेबाची वही ठेवावी आणि दर बैठकीत जमाखर्च वाचावा. निवडणुकीच्या काळात वस्तीच्या बैठकीत कोणत्याही उमेदवाराचा प्रचार होऊ देऊ नये, आपला स्वतःचा कल असला तरीही.

दीड-दोन वर्षांत वही वस्तीतल्याच कोणाकडे तरी सोपवायची आहे, हे पहिल्यापासून ठरवावे. बारावी झालेली एखादी मुलगी, बचत गटाची सचिव, निवृत्त सफाई कामगार असे दोन-तीन जण हेरून त्यांना प्रत्येक कार्यालयात सोबत न्यावे. वही देताना पान-पान एकत्र वाचावे, प्रलंबित अर्जांच्या पोचपावत्या त्या त्या घरी परत द्याव्यात, आणि वहीच्या मलपृष्ठावर वर्षाचे वेळापत्रक लिहून ठेवावे : पेन्शनधारकांचा हयातीचा दाखला, आरटीईचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, बांधकाम कामगारांच्या नोंदणीचे नूतनीकरण आणि त्यासाठी लागणारा नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला.